ड्रमस्टिकची जोडी निवडताना: वाचकांचे प्रश्न, ड्रम शिकवणाऱ्या ताईंची उत्तरं

ताई, आमचा चौघांचा रॉक बँड आहे. रॉकला जाड स्टिक लागते असं सगळे म्हणतात, म्हणून मी पहिल्यापासून २बी वापरतो. आवाज दणकून येतो, पण तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत उजवं मनगट भरून येतं आणि जलद फिल, म्हणजे दोन ओळींमधली ड्रमची छोटी भर, आली की हात मागे पडतो. त्याहून बारीक ५ए घेतली तर गिटारच्या आवाजात ड्रम बुडतील का?

बुडणार नाहीत. तुझ्या मनगटाने तुला उत्तर आधीच दिलंय. ते दुर्लक्षून वाजवत राहू नकोस.

आधी या आकड्यांविषयी. अमेरिकेतल्या ड्रम बनवणाऱ्या लुडविग कंपनीच्या विल्यम लुडविग यांच्या काळापासून ही पद्धत चालत आली, असं मानलं जातं. ए म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी, बी म्हणजे बँडसाठी, एस म्हणजे रस्त्यावरच्या संचलनासाठी. आकडा जितका लहान तितकी स्टिक साधारणपणे जाड. आजचा रॉक तेव्हा जन्मालाही आला नव्हता, त्यामुळे ‘रॉकची स्टिक’ असं त्या आकड्यांत काहीच लिहिलेलं नाही. शिवाय हे आकडे सगळीकडे सारखेही नसतात. स्टिक बनवणाऱ्या दोन कंपन्या घे: विक फर्थची ५ए ०.५६५ इंच जाड असते आणि प्रोमार्कची नेहमीची ५ए ०.५५१ इंच. म्हणजे एक १४.३५ मिलिमीटर, दुसरी १४. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो, पण डोळे मिटून दोन्ही हातात घेतल्या की बोटांना तो लगेच कळतो.

आता आवाज. स्टिक जितकी जड तितका आवाज मोठा, हे अर्धंच खरं आहे. फटक्यातली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट केला तर चौपट. तुझी २बी त्याच लाकडाच्या ५ए पेक्षा साधारण सव्वापट जड आहे. ते जादा वजन प्रत्येक फटक्याला उचलून परत वर न्यायचं म्हणजे हाताचा वेग कमी होतो आणि वजनाने जे मिळालं ते तिथेच निघून जातं. हलकी स्टिक मोकळ्या मनगटाने, थोड्या जास्त उंचीवरून आली तर स्नेअर, म्हणजे समोरचा कडक आवाजाचा ड्रम, तितकाच कडाडतो.

जाड स्टिकचा एक गुण मात्र खरा आहे आणि तो मी नाकारणार नाही. टॉमवर, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाच्या ड्रमवर, तिचा आवाज भरीव येतो, खालचा स्वर जास्त ऐकू येतो. तो भरीवपणा तुला हवा असेल तर थेट ५ए वर उतरू नकोस, मध्ये ५बी आहे. ती साधारण ०.५९५ इंच जाड आणि १६ इंच लांब असते. रॉक वाजवणारे माझे बरेच विद्यार्थी शेवटी तिच्यावरच स्थिरावले.

पण नवी जोडी घेण्याआधी एक गोष्ट करून बघ. जुन्याच स्टिकवर, प्रॅक्टिस पॅडसमोर बसून. स्टिक अंगठा आणि तर्जनीत सैल धर, बाकीची बोटं सोडून दे, टोक पॅडवर पडू दे आणि ती आपणहून किती वेळ उसळते ते ऐक. मग पकड सेंटिमीटरभर पुढे घे, पुन्हा टाक. मग मागे. एक जागा अशी सापडेल की उसळी सगळ्यात लांब चालते. ती त्या स्टिकची तुझ्या हातातली जागा. बहुतेक स्टिक्समध्ये ती बुडापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर येते. जोर मिळावा म्हणून अगदी बुडाशी धरून वाजवणारे खूप असतात. तिथे उसळी लवकर मरते आणि स्टिक वर आणायचं सगळं काम मनगटावर पडतं. तूही तसंच धरत असशील, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. पकड बदलूनच निम्मा त्रास कमी झाला तर नव्या जोडीचा निर्णय तू शांतपणे घेऊ शकशील.

पकड आणि स्टिक दोन्ही बदलूनही मनगट दुखत राहिलं, किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखव. वाजवून वाजवून बरं होईल अशी ती गोष्ट नाही.

मी पियानो आणि डबल बेसबरोबर लहान खोलीत जॅझ वाजवते. राइड सिंबलवर, म्हणजे ठेका धरायच्या मोठ्या झांजेवर, प्रत्येक ठोका वेगळा ऐकू यावा असं मला वाटतं, पण सगळा नाद एकमेकांत मिसळतो. साथीदार म्हणतात नायलॉनच्या टोकाची स्टिक घे. घेऊ का?

घेऊन बघा, पण त्याआधी लाकडी टोकाचा आकार बदलून बघा. माझ्या मते तुमचा प्रश्न तिथे सुटेल.

सध्या तुमच्याकडे कोणतं टोक आहे हे पत्रात नाही. सिंबलला टोक जेवढ्या भागाने टेकतं त्यावर सगळा खेळ आहे. लहान गोल टोक कमी जागी टेकतं, त्यामुळे ‘टिंग’ स्वच्छ येतो आणि मागचा पसरट नाद कमी उठतो. गोल असल्यामुळे हाताचा कोन बदलला तरी आवाज तोच राहतो. थेंबाच्या आकाराच्या टोकाचं उलट आहे. स्टिक आडवी धरली की जास्त भाग टेकतो आणि आवाज गडद, पसरट होतो. उभी धरली की बारीक होतो. ज्यांना एकाच गाण्यात दोन्ही रंग हवे असतात त्यांना हे टोक फार आवडतं, मलाही आवडतं. पण तुम्हाला सध्या हवी आहे ती स्वच्छता, आणि त्यासाठी लहान गोल टोक बरं. ओकच्या फळासारखं, मधे फुगीर आणि पुढे निमुळतं असं जे टोक ५ए वर नेहमी दिसतं, ते भरीव, जाडसर आवाज देतं. पिंपाच्या आकाराचं टोक ठसठशीत आणि मोठ्या आवाजाचं. ते लहान खोलीत नको.

नायलॉनचं टोक पहिल्यांदा १९५८ मध्ये जो कलाटो यांनी आणलं. ते स्वतः ड्रम वाजवायचे आणि लाकूडकामही करायचे. लाकडी टोकं झिजतात, त्यांचे टवके उडतात, ही त्यांची अडचण होती. तो हेतू नायलॉनने साधला. आवाज मात्र त्याबरोबर बदलला. सिंबलवर तो जास्त चकचकीत, जास्त टोकदार येतो. स्नेअर-टॉमवर फारसा फरक कळत नाही. मोठ्या मंचावर, गिटारच्या गर्दीत, राइड पुढे आणायला नायलॉन उत्तम. पियानोच्या शेजारी बसून तासभर तोच चकचकीत ‘टिंग’ मला कानाला बोचतो. तुमचा राइड जाड आणि गडद आवाजाचा असेल तर कदाचित तुम्हाला तो हवाच असेल. सिंबल कोणता आहे यावर हे ठरतं, म्हणून दोन्ही जोड्या तुमच्याच राइडवर वाजवा. दुसऱ्याच्या राइडवरून काहीच कळणार नाही.

लाकडाचंही सांगते. बहुतेक स्टिक्स हिकरीच्या असतात. कुऱ्हाडीचे आणि हातोड्याचे दांडे याच लाकडाचे करतात, कारण ते धक्का शोषतं. मेपल त्याहून हलका. याचा फायदा असा की मेपलमध्ये जरा जाड स्टिक घेऊनही वजन कमी राहतं. हाताला पकडायला ऐवज मिळतो आणि आवाज मात्र दबका राहतो. लहान खोलीसाठी मी स्वतः मेपलची, लहान गोल टोकाची जोडी वापरते. ती बारीक ७ए पेक्षा मला सोपी जाते, कारण फार बारीक स्टिक धरायला माझी बोटं आवळली जातात आणि बोटं आवळली की ठोका कोरडा होतो.

आणि एक पाहा, निमुळता भाग किती लांब आहे. टोकामागचा हा उतार लांब असेल तर स्टिकचा पुढचा भाग हलका असतो, थोडा लवतो आणि चटकन परत येतो. हळू आवाजात राइड धरायला हे फार उपयोगी पडतं. आखूड उताराची स्टिक पुढे जड असते. ती जोरात वाजवणाऱ्यांसाठी.

इतकं करूनही खोलीला आवाज जास्त होत असेल तर बारीक काड्यांच्या जुडीचे रॉड्स आहेत, ब्रशेस आहेत. ते वेगळं वाद्य समजून शिकावे लागतात, स्टिकची स्वस्तातली बदली म्हणून नव्हे.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, नुकताच क्लासला जाऊ लागलाय. त्याला कोणती स्टिक घ्यावी? मोठेपणी उपयोगी पडेल म्हणून ५ए घेतली तर चालेल का?

मोठेपणासाठी आज जड स्टिक देऊ नका. ७ए घ्या. ती साधारण ०.५४० इंच जाड आणि साडेपंधरा इंच लांब असते. तीही लांब वाटत असेल तर मुलांसाठी काही कंपन्या १३ इंचांच्या आसपासच्या स्टिक्स काढतात. तो वाजवत असताना त्याच्या हाताकडे बघा. मुठीचे सांधे पांढरे पडत असतील किंवा स्टिक तो बुडापासून खूप पुढे धरत असेल, तर ती त्याला जड आहे. मुलं हे बोलून दाखवत नाहीत, पकड पुढे सरकवून सांगतात. वर्षभराने हात वाढेल तेव्हा पुन्हा विचार करू.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की नव्या माणसाने हिकरीची ५ए घ्यावी. प्रत्येकाचा हात वेगळा असतो असंही तुम्हीच म्हणता. मग सगळ्यांना एकच सल्ला कसा?

तुमची शंका रास्त आहे. ५ए सगळ्यांना शोभते असं माझं म्हणणं नाही. नव्या माणसाला अजून स्वतःचा हात कसा चालतो हेच ठाऊक नसतं. हातात मधल्या मापाची एक स्टिक काही महिने राहिली की मग ‘मला पुढे जड हवी’, ‘मला बारीक हवी’ असं त्याला नेमकं म्हणता येतं. तुलना करायला एक जागा पक्की लागते, आणि १६ इंच लांब, मध्यम जाडीची, हिकरीची स्टिक ही सर्वात सोयीची जागा आहे. तिथून निघायचंच आहे.

हाताच्या आकारावरून मात्र मी कधीच स्टिक ठरवत नाही. माझ्याकडे लहानखुऱ्या हाताची एक मुलगी आहे, ती ५बी अगदी सहज चालवते. एक उंचपुरे गृहस्थ आहेत, त्यांना ७ए शिवाय काही रुचत नाही. पकड किती सैल आहे आणि वाजवणारा बोटांवर किती काम सोपवतो, हे पंजाच्या मापापेक्षा जास्त बोलतं.

एकाच पाकिटातल्या दोन स्टिक्स हाताला वेगळ्या लागतात. हा माझा भास आहे का? दुकानात जोडी कशी तपासायची?

भास अजिबात नाही. लाकूड आहे ते. एकाच झाडाच्या दोन तुकड्यांची घनता सारखी नसते आणि आतला ओलावाही सारखा नसतो. चांगल्या कंपन्या वजन आणि स्वर जुळवून जोड्या लावतात. ज्यांच्या नावाची कंपनी वर आली ते विक फर्थ बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रात टिंपनी, म्हणजे स्वरात लावलेले मोठे ड्रम, वाजवत. बाजारातल्या स्टिक्स त्यांच्या कामाला पुरेशा नेमक्या वाटेनात, म्हणून १९६३ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या करून घ्यायला सुरुवात केली. जोडीचा स्वर जुळवण्याचा आग्रह त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

तरीही तुम्ही तपासाच. परवानगी विचारून स्टिक सपाट काचेवर किंवा टेबलावर सोडा. सरळ असेल तर गुळगुळीत घरंगळते, वाकडी असेल तर टोक वर-खाली नाचतं आणि खडखड येते. मग दोन्ही स्टिक्स एकाच जागी धरून त्याच टेबलावर आळीपाळीने हलकेच आपटा आणि स्वर ऐका. एक उंच आणि एक खालचा येत असेल तर ती जोडी ठेवून द्या. राइडवर किंवा क्रॉस-स्टिक, म्हणजे स्टिक ड्रमवर आडवी ठेवून कडेवर टकटक, वाजवताना तो फरक उघडा पडतो. शेवटी लाकडाच्या रेषा बघा. त्या टोकापासून बुडापर्यंत लांबीने धावायला हव्यात. मध्येच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर स्टिक तिथूनच फाटणार.

दुकानदार घाई करत असेल तरी वेळ घ्या. हे सगळं दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

हाताला खूप घाम येतो, स्टिक निसटते. बुडाला टेप गुंडाळू का?

आधी लॅकर बघ. स्टिकवरचा चकचकीत थर काहींना घामात चिकट लागतो, काहींना निसरडा. तुला निसरडा लागत असेल तर पकडीच्या जागी बारीक सँडपेपरने तो थर हलकेच उतरव, किंवा थरच नसलेली कोरी लाकडी स्टिक घे. टेप चालते, पण तिचं वजन बुडाकडे वाढतं, तोल मागे सरकतो आणि उसळीची जागा बदलते. टेप लावलीस तर वर सांगितलेली उसळीची चाचणी पुन्हा कर. आणि दोन्ही स्टिक्सना सारखीच लाव.

माझ्याकडे जाळीच्या पॅडचा इलेक्ट्रॉनिक सेट आहे. त्यासाठी वेगळी स्टिक लागते का?

वेगळी जात लागत नाही, वेगळी जोडी मात्र ठेवाच. सिंबलवर वाजून टोकाला टवके गेलेली स्टिक जाळीत अडकते आणि जाळी फाडते. नायलॉनचं टोक इथे सोयीचं, पण तेही कुठे चिरलेलं नाही ना हे अधूनमधून बोट फिरवून पाहा. जाळी ड्रमच्या कातडीपेक्षा जास्त उसळी देते. त्यामुळे तिच्यावर जी स्टिक हलकीफुलकी वाटेल ती खऱ्या टॉमवर तशीच वाटेल असं धरून चालू नका.

ताई, माझ्या स्टिक्स सतत तुटतात. हिकरीच्या ५बी वापरतो. ओकच्या घेतल्या तर टिकतील का?

टिकतील थोड्या जास्त. जपानी ओक हिकरीपेक्षा जड आणि टणक असतो. पण तो धक्का कमी शोषतो, म्हणजे तोच धक्का तुझ्या हाताकडे जास्त जाईल. आणि माझा अनुभव असा की हिकरी सोलत, झिजत जाते, आधी कळवते. ओक मात्र बरेचदा एकदम मोडतो, तोही गाण्याच्या मध्यावर.

म्हणून आधी तुटलेल्या स्टिक्स जमा कर आणि त्या कुठे तुटल्यात ते बघ. मोडलेली स्टिक तुझ्या वाजवण्याविषयी फार काही सांगते.

खांद्याशी, म्हणजे निमुळता भाग सुरू होतो तिथे, लाकूड कुरतडल्यासारखं होऊन तुटत असेल तर ते हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या जोड-झांजेच्या, कडेमुळे. हाय-हॅट खूप उंच लावलेला असतो किंवा हात खाली असतो आणि प्रत्येक ठोका खांद्याने कडेवर बसतो. थोडी झीज होणारच, तो आवाज हवाच असतो. पण सगळी गाणी त्याच कडेवर वाजवायची गरज नाही. शांत कडव्यात टोकाने वरच्या पृष्ठभागावर वाजव. स्टिकही वाचेल आणि कडव्यानंतरचा भाग उठून दिसेल.

साधारण मध्यावर तुटत असेल तर रिमशॉट, म्हणजे कातडी आणि कड एकदम वाजवणारा फटका. स्नेअरची कड दर वेळी एकाच जागी लागते. अधूनमधून स्टिक हातात फिरवत जा, म्हणजे मार सगळ्या बाजूंवर वाटला जाईल.

क्रॅशवर, म्हणजे जोरात मारायच्या सिंबलवर, तुटत असेल तर सिंबल किती सपाट लावलाय ते बघ. अगदी आडवा सिंबल असला की स्टिक थेट त्याच्या कडेवर कापली जाते. तो थोडा तुझ्याकडे झुकव, वरचा नट सैल कर म्हणजे सिंबल मोकळा हलेल, आणि फटका सिंबलमधून आरपार न मारता तिरका घसरवून काढ. असं केल्याने सिंबलही तडकायचा वाचतो, आणि तो स्टिकपेक्षा कितीतरी महाग असतो.

टोकच उडत असेल तर टोक लहान आणि मान फार बारीक आहे, जरा मोठ्या टोकाची घे. तुटण्याची जागा दर वेळी वेगळी असेल तर दोष लाकडाच्या रेषांत असू शकतो. वर जोडी तपासण्याविषयी लिहिलंय ते वाच. स्टिक्स गाडीत उन्हात किंवा ओलसर जागी ठेवत असशील तर तेही बंद कर.

तुटलेल्या चार-पाच स्टिक्स शेजारी-शेजारी ठेवून फोटो काढ आणि पाठव. बरोबर हाय-हॅट आणि क्रॅश किती उंचीवर लावलेत तेही बाजूने काढलेल्या एका फोटोत दिसू दे, म्हणजे पुढच्या अंकात मला नेमकं सांगता येईल.